एपिक की आयकॉन? आधी मुलांची इयत्ता सांगा

डेन्व्हरला इथल्या मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसादाची ताटं हातात आली, की गप्पा एका प्रश्नावर हमखास येतात. "अगं, एपिक घेतलंस की आयकॉन?" हे स्कीचे दोन मोठे सीझन पास, म्हणजे एकदा पैसे भरले की हंगामभर त्या त्या कंपनीच्या डोंगरांवर स्की करता येतं. २०२५ला गणपती २७ ऑगस्टला बसले आणि लेबर डे आला १ सप्टेंबरला, म्हणजे एपिकचा भाव पुन्हा चढायच्या आधीचा नेमका शेवटचा आठवडा. त्यामुळे मोदकांइतकीच चर्चा पासची होती.

जूनमध्ये टेक्सासहून इथे राहायला आलेलं एक जोडपं त्यात गांगरून उभं होतं. दोन मुलं, स्की कधी केलेलं नाही, आणि जो तो सांगतोय, "आज-उद्यात घेऊन टाका, नाहीतर महाग पडेल." त्या वहिनींना मी ताट संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे सविस्तर लिहिते, कारण दर उन्हाळ्यात आपली कितीतरी माणसं कोलोरॅडो राज्यात येतात आणि त्यांच्यावर हीच घाई लादली जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पास कंपनीच्या जाहिरातीवरून निवडू नका. आपल्या घराच्या कॅलेंडरवरून निवडा. मुलं कितवीत आहेत, डिसेंबरात भारतात जाणार आहात का, घर शहराच्या कुठल्या बाजूला आहे, रविवारी काय असतं, या चार गोष्टींत बहुतेक उत्तर येऊन जातं. आणि पहिल्या हिवाळ्यात मोठा पास घ्यायची गरज बहुतेक घरांना नसते.

आधी भावांचं गणित समजून घेऊ, कारण ते न समजता तिकीटखिडकीवरचा आकडा पाहिला की माणूस घाबरतो. २०२४-२५च्या हंगामात व्हेल आणि बीव्हर क्रीक या स्कीच्या डोंगरांवर गर्दीच्या दिवशी एका मोठ्या माणसाचं एका दिवसाचं लिफ्ट तिकीट, म्हणजे पाळण्याने वर जायचं तिकीट, ३२९ डॉलरला गेलं होतं. एक दिवस, एक माणूस. त्याच हंगामानंतर, २०२५च्या वसंतात, पुढच्या पूर्ण हिवाळ्याचा एपिक लोकल पास (एपिकचाच थोड्या अटींचा, स्वस्त प्रकार) ७८३ डॉलरला विकायला आला. तीन दिवसांच्या तिकिटांपेक्षा सबंध हिवाळा स्वस्त! हे असं मुद्दाम आहे. व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००८ साली एपिक पास काढला तेव्हा तो ५७९ डॉलरला होता, आणि त्यामागची कल्पना ही, की बर्फ पडायच्या आधीच लोकांकडून पैसे घेऊन ठेवायचे. खिडकीवरचं तिकीट जितकं महाग, तितका पास स्वस्त वाटतो. अल्टेरा कंपनीने २०१८-१९च्या हंगामापासून आयकॉन आणला तोही याच वाटेने.

माझं माहेर देवगडकडचं. आमच्याकडे आंब्याला मोहोर आला की व्यापारी बाग बघून जायचा आणि ठरलेली रक्कम आगाऊ देऊन फळ आपल्या नावावर करून घ्यायचा. पुढे अवकाळी पाऊस आला, तुडतुडे पडले, तर तोटा त्याचा. म्हणून त्याला भाव कमी लागायचा. स्की पासचा व्यवहार अगदी हाच आहे, फक्त इथे बागायतदार कंपनी आणि व्यापारी आपण. बर्फ कमी पडला, रस्ता बंद झाला, मुलांना ताप आला, तर नुकसान आपल्या खात्यात. व्यापारी जसा पैसे मोजायच्या आधी झाडावर नजर टाकून पेट्या किती भरतील याचा अंदाज घ्यायचा, तसे आपणही मार्च-एप्रिलमध्ये बसून दिवस मोजायला हवेत.

मोजायचे म्हणजे खरेच मोजायचे. मी कागद घेऊन बसते. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत साधारण बावीस आठवडे होतात. आमच्या घरी रविवारी सकाळी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची मराठी शाळा असते, ती आम्ही चुकवत नाही, म्हणून रविवार आधीच गेले. भारतात जायचं वर्ष असेल तर डिसेंबरचे तीन शनिवार गेले. थँक्सगिव्हिंगला पाहुणे असतात. जानेवारी-फेब्रुवारीत कुणी ना कुणी आजारी पडतंच. वाढदिवस असतात. एखाद्या शनिवारी वादळात डोंगराकडे जाणारा आय-७० महामार्ग बंद होतो. एवढं सगळं वजा केलं की आठ-दहा शनिवार उरतात, तेही सगळं सुरळीत झालं तर. ७८३ डॉलरला नऊने भागलं तर दिवसाला ८७ डॉलर पडतात, हा भाव चांगला आहे. तीनच दिवस गेलात तर तोच पास दिवसाला २६१ला पडतो. आणि जे कधी बर्फावर उभेच राहिलेले नाहीत, त्यांना आपण नऊ दिवस जाऊ की तीन, हे ऑगस्टमध्ये कसं कळणार? स्की आवडेल की नाही हेच अजून माहीत नसतं. त्या वहिनींना माझं पहिलं सांगणं हेच होतं. यंदा मोठ्या पासचा विचारच डोक्यातून काढा.

मग मुलांनी काय घरी बसायचं? मुळीच नाही. कोलोरॅडोत राहायला आल्याचा खरा फायदा इथेच आहे आणि तो नवीन लोकांना कुणी सांगत नाही. व्हेल रिसॉर्ट्सचा 'एपिक स्कूलकिड्स कोलोरॅडो' नावाचा कार्यक्रम आहे. बालवाडीपासून, म्हणजे इथल्या किंडरगार्टनपासून, पाचवीपर्यंतच्या मुलांना व्हेल, बीव्हर क्रीक, ब्रेकनरिज, कीस्टोन आणि क्रेस्टेड ब्यूट या पाच डोंगरांवर प्रत्येकी चार दिवस मोफत. पाच चोक वीस दिवस, एक पैसाही न देता. अट एवढीच की नोंदणी शरद ऋतूत करायची, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बर्फ पडल्यावर ही आठवण येऊन काही उपयोग नसतो, तोवर दार बंद झालेलं असतं. सप्टेंबरात शाळेचे फॉर्म भरता त्याच बैठकीत हाही भरून टाका.

दुसरा आहे कोलोरॅडो स्की कंट्री यूएसए या संघटनेचा स्की पासपोर्ट. तो तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी. त्याला सत्तर डॉलरच्या आत-बाहेर पैसे पडतात, पण संघटनेच्या प्रत्येक सदस्य डोंगरावर चार-चार दिवस मिळतात, आणि सदस्यांत विंटर पार्क, कॉपर, लव्हलँड, अ‍ॅस्पेन अशी नावं आहेत. व्हेल रिसॉर्ट्सचे डोंगर यात नाहीत. म्हणजे दोन्ही कार्यक्रम एकमेकांना पूरक आहेत, आणि तिसरी ते पाचवीतल्या मुलाला दोन्ही मिळतात. चौथीतलं मूल कोलोरॅडोत जवळजवळ हव्या त्या डोंगरावर जाऊ शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांना तर बहुतेक ठिकाणी तिकीटच लागत नाही.

आम्ही २०२४च्या जुलैत आलो तेव्हा लेक चौथीत जाणार होती आणि धाकटा पहिलीत. मुलांचा प्रश्न असा सुटला. राहिलो आम्ही दोघं, चाळिशीला आलेले, दोघांनीही बर्फ पाहिलेला तो गाडीच्या काचेतून.

आमच्यासाठी मी लव्हलँड निवडलं, आणि प्रौढांनी स्की शिकायला यापेक्षा चांगला सौदा या रस्त्यावर मला तरी सापडलेला नाही. डेन्व्हरपासून ५३ मैल. आय-७० ज्या आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो तो बोगदाच या डोंगराखालून जातो, त्यामुळे बोगद्यापलीकडची गर्दी लागत नाही. डोंगर कुठल्याही मोठ्या कंपनीचा नाही. पार्किंग फुकट. शिकणाऱ्यांसाठी लव्हलँड व्हॅली नावाचा वेगळा, सौम्य उताराचा भाग आहे, तिथे वरून सुसाट येणाऱ्यांची भीती नसते. आणि त्यांचा थ्री-क्लास पास असा, की नवशिक्यांचे तीन वर्ग घ्या, वर्गाच्या पैशात त्या दिवसाचं भाड्याचं सामान आणि लिफ्ट तिकीट आलं, आणि तिसरा वर्ग पूर्ण झाला की उरलेल्या हंगामाचा सीझन पास तुमच्या हातात. शिकायचे पैसे तर कुठेही द्यावेच लागतात. इथे त्यातूनच पास मिळतो. वर्ग डिसेंबरातच उरकले तर पुढे एप्रिलपर्यंत, कधीकधी मेपर्यंत डोंगर आपला.

वर्गात पहिला तास नुसतं बूट घालून चालणं, एका पायात स्की बांधून सरकणं, पडणं आणि पडल्यावर उठणं यात जातो. उठणं हेच सगळ्यांत अवघड. मग पुढची टोकं जवळ आणि मागची लांब अशी पाचर करून थांबायचं. मुलांच्या वर्गात याला 'पिझ्झा' म्हणतात आणि पाय समांतर ठेवले की 'फ्रेंच फ्राइज'. आम्हा मोठ्यांनाही शिक्षिका तेच शब्द वापरून सांगत होती आणि ते झटकन कळत होतं. नवऱ्याचा तोल माझ्यापेक्षा चांगला, पण थांबणं मला आधी जमलं. दुपारी पहिल्यांदा आपल्या आपण वळून थांबले तेव्हा झालेला आनंद मला शब्दांत नीट मांडता येत नाही. एवढंच सांगते, की शाळा-कॉलेज संपल्यानंतर शरीराने एखादी पूर्ण नवी गोष्ट शिकावी असे प्रसंग आपल्या पिढीतल्या बायकांना फार येत नाहीत. स्वस्त पासची ही सगळी खटपट मी एवढ्या जिवापाड का करते, त्याचं कारण तिथे आहे. पैशांच्या भीतीने ही गोष्ट कुणाची राहून जाऊ नये.

लव्हलँडला वारा मात्र जबर असतो. तळच १०,८०० फुटांवर आहे. तोंड झाकणारी गळपट्टी आणि चांगला गॉगल यांत काटकसर करू नका.

ज्यांना वर्गांची गरज नाही पण दिवस थोडेच मिळणार आहेत, त्यांच्यासाठी लव्हलँडचा चार तिकिटांचा संच शरद ऋतूत विकायला येतो. त्यावर नाव नसतं, वापरायला कुठल्याही तारखेचं बंधन नसतं, म्हणून भाऊ-वहिनी आले तर त्यांनाही देता येतो. एपिकचेही एक ते सात दिवसांचे डे पास असतात. ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच मिळतात आणि खिडकीच्या दराच्या निम्म्याहून कमी भावात पडतात. कीस्टोन आणि ब्रेकनरिजपुरतं जायचं असेल तर मधली श्रेणी घ्यावी, सगळ्यांत महागडी नको. कोलोरॅडो जेम्स कार्ड नावाचं एक कार्डही आहे, साधारण चाळीस डॉलरचं. छोट्या डोंगरांवर त्यावर एकावर एक तिकीट फुकट किंवा सवलत मिळते. दोघांनी एकदा वापरलं की वसूल. आणि ज्यांची ओळखीची माणसं एपिकधारक आहेत त्यांनी विचारायला लाजू नये, कारण २०२५-२६पासून पासधारकांना मित्रांसाठी निम्म्या दराची तिकिटं दिली जातात आणि बऱ्याच जणांची ती न वापरताच वाया जातात.

अगदी छोटे डोंगर तर विसरूच नका. स्टीमबोट स्प्रिंग्जच्या गावात हाउल्सन हिल आहे, १९१५पासून अखंड चालू, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत जुनं. मालकी नगरपालिकेची, आणि हिवाळ्यात रविवारी लिफ्ट मोफत ठेवतात. युरे या गावात लीज स्की हिल आहे, दोरीला धरून वर जायचं, तेही फुकट. हे डेन्व्हरहून दूर आहेत, पण त्या बाजूला मुक्काम असेल तर मुलांना जरूर न्या. सार्वजनिक बाग असावी तसा गावाने आपल्या मुलांसाठी डोंगर राखलाय, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता दुसऱ्या हिवाळ्याकडे येते. पहिल्या मोसमाच्या शेवटी आपल्याला स्की आवडतं की नाही हे कळलेलं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी, मार्चमध्ये, पुढच्या हंगामाचे पास वर्षातल्या सर्वांत कमी भावात येतात. एपिकला त्या वेळी ४९ डॉलर भरून भाव बांधून ठेवता येतो, बाकीचे शरद ऋतूत. मग मेअखेरीस मेमोरियल डेनंतर भाव चढतो, लेबर डेनंतर पुन्हा चढतो, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्रीच बंद. म्हणून जे ऑगस्टमध्ये नव्याने आले त्यांनी घाईत चढ्या भावाचा पास घेण्यापेक्षा एक हिवाळा शिकण्यात घालवून मार्चची वाट बघावी, असं मी आग्रहाने म्हणते.

२०२५च्या वसंतात आमच्यापुढे चार आकडे होते. एपिक १,०५१. एपिक लोकल ७८३. आयकॉन १,३२९. आयकॉन बेस, म्हणजे आयकॉनचा स्वस्त प्रकार, ९०९. लेक पाचवीत जाणार होती, धाकटा दुसरीत. म्हणजे एपिकच्या पाचही डोंगरांवर दोघं वीस-वीस दिवस मोफत. आयकॉनच्या डोंगरांवर (विंटर पार्क, कॉपर वगैरे) लेकीला पासपोर्ट मिळाला असता, पण धाकटा दुसरीत असल्याने त्याला नाही, त्याच्यासाठी वेगळा पास घ्यावा लागला असता. इथेच निर्णय झाला. दोघांचे एपिक लोकल, १,५६६ डॉलर, आणि चौघांचा हिवाळा पक्का. मी जे म्हणते, की आई-बाबांचा पास मुलांच्या इयत्तेवरून ठरवा, ते हे. मोठ्यांसाठी कुठला डोंगर सुंदर यावर तासन् तास वाद घालता येतो. पण चौघांत दोघं मोफत असतील तिथे जायचं, यावर वाद नाही.

लोकल आणि पूर्ण एपिक यांत २६८ डॉलरचा फरक. त्या पैशांत मिळतं काय? एक म्हणजे व्हेल आणि बीव्हर क्रीकला हवे तितके दिवस. लोकलवर त्या दोघांत आणि कॅनडातल्या व्हिस्लरमध्ये मिळून दहा. आम्हाला दहा पुरून उरतात. ब्रेकनरिज आणि कीस्टोन तर लोकलवरही अमर्याद आहेत. दुसरं म्हणजे बंदीच्या तारखा नाहीत. लोकल पास थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार-शनिवार, २६ ते ३१ डिसेंबर, आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या दोन लांब सुट्ट्यांतले मोजके दिवस चालत नाही. लोक या तारखांना घाबरतात. आता आपल्या घरांचा विचार करा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपण एकतर भारतात असतो, नाहीतर आपल्याकडे कुणीतरी आलेलं असतं. आणि घरीच असलो तरी त्या आठवड्यात लिफ्टच्या रांगेत लहान मुलांना घेऊन उभं राहण्यात काही मजा नाही. जे दिवस आपण तसेही जाणार नव्हतो, त्यांच्यासाठी माणशी २६८ डॉलर कशाला द्यायचे?

याहून स्वस्त हवा असेल तर कीस्टोन प्लस पास बघा. मुख्यतः कीस्टोनपुरता आहे, सुट्ट्यांचे दिवस सोडून. वसंतात ब्रेकनरिजही उघडतं. एकच डोंगर पुरेसा असलेल्या नव्या कुटुंबाला हा लोकलपेक्षाही योग्य आहे, आणि कीस्टोनला काही संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात स्की करता येतं.

घर कुठल्या दिशेला आहे हेही पासाइतकंच महत्त्वाचं. बोल्डर, लुईव्हिल, सुपीरियर भागात राहत असाल तर एल्डोरा बघा. तिथे जायला आय-७० लागतच नाही, आणि बोल्डरहून आरटीडी या स्थानिक बससेवेची एनबी बस थेट डोंगराच्या पायथ्याशी जाते. एल्डोरा आयकॉनमध्ये आहे. ऑरोरा किंवा पार्करला राहत असाल तर मात्र प्रत्येक शनिवारी आधी आख्खं शहर ओलांडायचं, मग डोंगर चढायचा, म्हणजे पहाटे साडेपाचला गाडी निघाली नाही तर सगळा दिवस ब्रेक लाइट बघण्यात जातो. अशा घरांनी दिवसांचा अंदाज आणखी खाली आणावा.

गाडीबद्दल एक सक्तीची गोष्ट. आय-७०वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शन लॉ लागू असतो. टायरची खोली किमान ३/१६ इंच हवी, आणि फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह नसेल तर हिवाळी किंवा 'एम प्लस एस' (चिखल-बर्फाचे) टायर, नाहीतर साखळ्या बरोबर. टेक्सास-कॅलिफोर्नियाहून आणलेल्या गाड्यांचे टायर यात बसतात का, हे आधी तपासा. पासच्या बजेटमध्ये टायर धरा, आणि पास की टायर असा प्रश्न आला तर आधी टायर.

ज्यांना गाडी नकोच, त्यांच्यासाठी राज्याच्या परिवहन विभागाची स्नोस्टँग बस डेन्व्हरच्या युनियन स्टेशनहून लव्हलँड आणि अरापाहो बेसिनला जाते, जाऊन-येऊन २५ डॉलर. आणि विंटर पार्क एक्सप्रेस ही अ‍ॅमट्रॅकची रेल्वेगाडी, २०२४-२५मध्ये एका बाजूचं तिकीट १९ डॉलरपासून होतं. सासूबाई हिवाळ्यात आल्या होत्या तेव्हा आम्ही त्यांना घेऊन हीच गाडी पकडली. "मला काही ते घसरायचं नाही, पण गाडीत बसायला आवडेल," असं त्याच म्हणाल्या. वाटेत १९२८ साली पूर्ण झालेला सहा मैलांहून लांब मोफॅट बोगदा लागतो, आणि त्यातून बाहेर पडलं की स्टेशनसमोरच लिफ्ट. आईंनी तळाच्या हॉलमध्ये खिडकीजवळ बसून मुलांना उतारावर शोधलं, आम्ही दुपारी थर्मासमधला चहा आणि घरून नेलेली थालीपीठं तिथेच खाल्ली. घरचा डबा नेऊन खायला तळाच्या हॉलमध्ये जागा असते. चौघांचं डोंगरावरचं जेवण टाळलं की मोसमाभरात एका पासाएवढे पैसे वाचतात, हा माझा ठाम अनुभव आहे. (उंचीचा त्रास आईंना झाला नाही, पण आम्ही आदल्या दिवसापासून पाणी भरपूर पाजलं होतं. वयस्कर पाहुणे भारतातून उतरल्या-उतरल्या लगेच वर नेऊ नका.)

सामानाचं थोडक्यात. मुलांचं विकत घेऊ नका, वर्षाला दोन मापं बदलतात. शरद ऋतूत दुकानं पूर्ण हंगामासाठी भाड्याने देतात आणि वसंतात परत घेतात. मोठ्यांनी पहिल्या वर्षी भाड्याने, मग ऑक्टोबरच्या स्की स्वॅपमध्ये, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात, वापरलेलं घ्यावं. हेल्मेट तेवढं नवं.

एक सल्ला इथे सर्रास दिला जातो, की शनिवार-रविवार डोंगरावर अर्धवेळ काम करा, पास फुकट मिळतो. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा ईएडी (काम करण्याचा परवाना) आहे त्यांच्यासाठी हा खरोखर उत्तम मार्ग आहे. पण एच-१बीवर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा केला तिच्याशिवाय दुसरीकडे काम करता येत नाही, आणि ईएडी नसलेल्या एच-४ला, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कामच करता येत नाही. सहकारी मोकळ्या मनाने सुचवतात, त्यांना हे माहीत नसतं. आपल्याला माहीत असायला हवं. पासच्या हजार डॉलरसाठी व्हिसा धोक्यात घालू नये.

याच संदर्भात एपिक कव्हरेजच्या अटी वाचून ठेवा. ते पासबरोबर वेगळे पैसे न देता येतं, आणि दुखापत, आजारपण याबरोबर नोकरी जाण्यासारख्या कारणांतही परताव्याची तरतूद आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यातल्या किती घरांवर तशी वेळ आली हे आपण पाहिलंय. मार्चमध्ये पैसे भरताना डिसेंबरात आपण याच गावात असू का, ही शंका मनात असणाऱ्यांना तेवढा आधार आहे.

आता आमचंच पुढचं वर्ष. २०२६-२७मध्ये लेक सहावीत जाईल, म्हणजे स्कूलकिड्समधून बाहेर. धाकटा तिसरीत जाईल, म्हणजे पासपोर्टला पात्र. सगळं गणित उलटतं. दोघांनाही पासपोर्टवर विंटर पार्क, कॉपर आणि लव्हलँडला चार-चार दिवस मिळतील, आणि एपिकच्या बाजूला फक्त धाकटा मोफत राहील. तेव्हा त्या हंगामाचा पास घेताना आम्ही दोघं एपिक सोडून आयकॉन बेसकडे जाऊ, असं आत्ता तरी दिसतंय, भाव फार चढला नाही तर. लेक या बदलावर खूश आहे, तिला पुन्हा बोगद्याच्या गाडीने जायचंय. नवरा ब्रेकनरिज सुटणार म्हणून थोडा हळहळतोय. त्याला मी सांगितलंय, वर्षातून एक दिवस आपण ओळखीच्या पासधारकाच्या निम्म्या तिकिटावर जाऊ.